सोलापुरात क्राफ्ट बिअर चालेल का, आणि चालली तर कुठल्या भागात?

हुतात्मा_एक्सप्रेस

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसता वाचक होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. प्रश्न जरा वेगळा आहे, हसू नका. हसायचं असेल तर निदान शेवटपर्यंत वाचून हसा.

मी मूळचा सोलापूरचा. शाळा रेल्वे लाइन्समध्ये, कॉलेज पुण्यात. दर दोन शनिवारांनी पुणे-सोलापूर हुतात्मा एक्सप्रेसनं घरी येणारा प्राणी. गेली चार वर्षं पुण्यातल्या एका मायक्रोब्रुअरीत, म्हणजे थोडी थोडी बनवून तिथंच विकणाऱ्या जागेत, बिअर बनवण्याचं काम करतोय. आईला "फूड प्रोसेसिंग" सांगितलंय, ते पूर्ण खोटंही नाही.

पुण्यात हा खेळ जवळून बघितला. डूलाली नावाच्या ब्रुअरीनं २००९ मध्ये सुरुवात केली तेव्हा लोक विचारायचे, बाटलीतली सोडून ही ढगाळ बिअर कोण पिणार? २०१४ पर्यंत मुंढव्यात इंडिपेन्डन्स आली, कोरेगाव पार्कात एफिंगट आली. मग रांगच लागली. आधी शहराच्या पूर्वेला, कोरेगाव पार्क, मुंढवा, कल्याणीनगर. मग सगळे बाणेर-बालेवाडीकडे सरकले, कारण आयटीवाले तिकडं राहायला गेले. बंदही बऱ्याच पडल्या. ज्या पडल्या त्यांच्यातल्या कित्येकांची बिअर वाईट नव्हती. भाडं वाढलं, शेजारच्या सोसायटीनं गाण्यांच्या आवाजावर तक्रार केली, नाहीतर दोन भागीदारांचं बिनसलं. ज्या वाढल्या त्यांनी दुसरी जागा उघडताना पहिलीवरचा हात सोडला नाही.

आता मुद्दा. एका मित्राची होटगी रोडला जागा आहे. त्याचं म्हणणं, ५०० लिटरची छोटी ब्रुअरी टाकू, वर जेवण. ज्वारीची बिअर करू, सोलापूरची म्हणून. मला कल्पना आवडली, पण माझं सोलापूर दहा वर्षांपूर्वीचं आहे. होटगी रोड बरा, की सात रस्ता, की विजापूर रोड? जुळे सोलापूर? की हा नादच सोडू?

शेंगाचटणी

काय बे, येडा का खुळा? मे महिन्यात ४३-४४ डिग्री असतंय हिकडं. बिअर विकली जाईल की नाही हा प्रश्नच नाही. प्रश्न हाय तो तुझ्या साडेतीनशेच्या ग्लासाचा. सोलापूरकर माणूस साडेतीनशेत मटणाची थाळी, कडक भाकरी, वरून सोलकढी न मागता ताक पिऊन घरी जाऊन झोपतंय. आणि हिकडं पिणारा स्ट्राँग मागतो. "लाइट हाय, ढगाळ हाय, संत्र्याचा वास येतो" म्हणालास की म्हणणार, मग संत्रंच खातो की.

चखण्याला मात्र तोड नाही आपल्याकडं. डिस्को भजी आणि शेंगा. पुणेवाले नाचोज का काय ते विकलालेत त्याच्यापेक्षा लाख पटीनं बरं.

नळाचं_पाणी

मी पाण्याचंच बोलणार, नाव बघून कळलं असेलच.

सोलापूरला पाणी उजनीतून येतं, शंभर किलोमीटरहून जास्त अंतरावरून. आणि आमच्या भागात नळ कधी येतो? चार दिवसांनी, पाच दिवसांनी. उन्हाळ्यात आणखी लांबतं. पाण्याच्या दिवशी आमच्याकडे लग्नाची बोलणीसुद्धा ठेवत नाहीत. घरातलं एक माणूस मोटारीपाशी, एक गच्चीवर टाकीपाशी.

हुतात्मा, एक लिटर बिअरला पाणी किती लागतं ते सांगा. बिअरमध्ये जातं ते नव्हे, सगळं मिळून.

हुतात्मा_एक्सप्रेस

नळाचं_पाणी, बरोबर दुखरी नस पकडलीत. मोठे कारखाने चार लिटरच्या खाली आणतात. छोट्या जागेत सहा-सात सहज, नीट लक्ष नसेल तर दहाही. बिअर बनवणं म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ भांडी घासणं असतं. टाकी धुवा, पाइप धुवा, पुन्हा गरम पाण्यानं धुवा. आठवड्याला हजार लिटर बिअर धरली तर सात-आठ हजार लिटर पाणी, म्हणजे आठवड्याला एक टँकर धरून चाला. शिवाय थंड करायला वीज. एल नावाचा प्रकार अठरा-वीस अंशांवर आंबवावा लागतो, लागर त्याहून थंड, दहाच्या आसपास. बाहेर चाळीस असताना टाकीभोवती गार पाणी खेळवत ठेवायचं म्हणजे बिल बघायला नको.

पण बोअरच्या जड पाण्याची एक गंमत आहे. चेक देशातल्या पिल्सन गावचं पाणी मऊ, म्हणून तिथं फिकी सोनेरी बिअर जमली. डब्लिनच्या पाण्यात चुना फार, म्हणून तिथं काळी स्टाउट जमली. भाजलेल्या काळ्या धान्याचा आंबटपणा चुन्याला मारतो. आपल्या काळ्या दगडातलं बोअरचं पाणी बादलीला पांढरे थर चढवतं, त्यात फिकी बिअर तुरट लागेल. काळी कदाचित चांगली होईल.

काळी_रान

रामकृष्णहरी. मंगळवेढ्याहून लिहितोय. मी माळकरी आहे, पीत नाही. ज्वारीचं नाव निघालं म्हणून आलो.

आमच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. मालदांडी, पस्तीस-एक म्हणतात ती, मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेली. काळ्या रानात पावसाळ्याची ओल धरून ठेवायची, सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायचं, मग वरून पाणी नाही मिळालं तरी थंडीवर नि दवावर येते. भाकरीला अशी दुसरी ज्वारी नाही. भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते.

आता सांगा, तुम्हाला किती पोती लागणार? आणि एक आठवण करून देतो. दामाजीपंतांनी मंगळवेढ्याचं कोठार दुष्काळात भुकेल्यांसाठी उघडलं. तुम्ही बिअरसाठी उघडायला निघालात. विठ्ठल तुमच्यासाठी महार होऊन बिदरला पैसे भरायला जाणार नाही, एवढं लक्षात ठेवा.

हुतात्मा_एक्सप्रेस

काका, हे वाक्य मी ब्रुअरीच्या भिंतीवर लिहून ठेवणार!

हिशेब सांगतो. ५०० लिटरच्या एका घाण्याला शंभर-सव्वाशे किलो धान्य. त्यात ज्वारी तीस टक्के धरली तर पस्तीस किलो. आठवड्याला दोन घाणे, म्हणजे वर्षाला छत्तीस क्विंटलच्या आसपास.

सगळी ज्वारीच का नाही? ज्वारीचा स्टार्च फुलायला सत्तर अंशांच्या वर तापवावं लागतं आणि त्याचं साखरेत रूपांतर करणारी विकरं तेवढ्या उष्णतेत मरतात. बार्लीचं गणित सोपं, साठ-पासष्टला दोन्ही कामं होतात. म्हणून ज्वारी आधी वेगळी शिजवायची, आपण कण्या शिजवतो तशी, मग बार्लीच्या माल्टमध्ये, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीत, मिसळायची. अशक्य काही नाही. नायजेरियानं १९८८ मध्ये बार्ली माल्टच्या आयातीवर बंदी घातली तेव्हा तिथल्या मोठमोठ्या कंपन्या ज्वारीवर आल्या. दक्षिण आफ्रिकेत उमकोम्बोथी म्हणून ज्वारी-मक्याची घरगुती बिअर असते. आंबट, दाट, गुलाबीसर.

काळी_रान

छत्तीस क्विंटल म्हणजे आमच्या कोरडवाहूचं आठ-नऊ एकर. पाऊस चुकला तर पंधरा एकर. एका शेतकऱ्याचा माल झाला, तालुक्याचं कल्याण वगैरे लिहू नका पाटीवर. आणि आम्ही ज्वारी कडब्यासाठी पण करतो, दाण्याला भाव नसला तरी कडबा तारतो.

दाट आंबट म्हणालात, ती आमची वेळ अमावस्येची आंबील की. ज्वारीचं पीठ, ताक, मडक्यात आंबवून. रानात कोपीत पूजा झाली की वाडगा भरून. तिला कुठलं लायसन लागत नाही.

शेंगाचटणी

काका एकच नंबर. हुतात्मा, बोर्ड लाव: "आंबील टॅपरूम".

पूर्वभाग

मी पद्मशाली, दत्त नगरजवळचा. तुम्ही सगळे होटगी रोड, सात रस्ता करताय. ताज्या, आंबवलेल्या, त्या दिवशीच संपवायच्या पेयाची दुकानं पूर्व भागात शंभर वर्षांपासून आहेत. ताडी आणि शिंदी. तेलुगूत आम्ही कल्लू म्हणतो. आजोबा आधी हातमागावर, मग पॉवरलूमवर. संध्याकाळी माग बंद झाला की कानात खडखडाट तसाच राहायचा. ते सांगायचे, कल्लूच्या दुकानात बसलं की तो खडखडाट हळूहळू उतरतो. मडकं, पेला, उकडलेले हरभरे, आणि मोठमोठ्यानं बोलणं, कारण सगळेच बहिरे झालेले.

ती दुकानं का बिघडली ते पण सांगतो. सकाळची ताडी गोड असते, दुपारी आंबट, रात्री फेकायची. झाडं कमी झाली, पिणारे तेवढेच राहिले. मग पाण्यात क्लोरल हायड्रेट नावाची पावडर मिसळून "ताडी" बनू लागली. माझा एक चुलता त्यातच गेला. डोळे लाल, हातापायांना कंप, दुकान बंद असलं की भिंतीवर डोकं आपटायचा. कागदावर ती ताडीच होती.

म्हणून विचारतो. तुमच्या टाकीत काय आहे ते गिऱ्हाइकाला कसं कळणार? पुण्यात काच लावतात म्हणे, आतल्या टाक्या दिसतात. काचेतून स्टील दिसतं, आतलं दिसत नाही.

हुतात्मा_एक्सप्रेस

अण्णा, याला माझ्याकडे चटकन उत्तर नाही. आम्ही प्रत्येक घाण्याची नोंद ठेवतो, एक्साइजवाले येऊन बघतात, नमुना नेतात. पण तुमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. चुलत्यांचं वाचून वाईट वाटलं.

निवृत्त_निरीक्षक

उत्पादन शुल्क खात्यात तीस वर्षं काढली, आता नातवंडं सांभाळतो. कायद्याचं थोडं सांगतो.

आपल्याकडचा मूळ कायदाच दारूबंदीचा, १९४९ चा. परवाने, परमिट हे सगळे त्या बंदीतले अपवाद. म्हणूनच बारला "परमिट रूम" म्हणतात. आजही पिणाऱ्याकडं परवाना हवा, आयुष्यभराचा हजार रुपयांत मिळतो. बिअरला वय एकवीस, कडक दारूला पंचवीस. कागदावर तुमच्या ब्रुअरीत बसलेल्या प्रत्येकाच्या खिशात परमिट पाहिजे. किती जणांकडं असतं ते मी तुम्हाला विचारत नाही, तुम्हीही मला विचारू नका.

जागा निवडताना रस्ता बघा. सुप्रीम कोर्टाचा डिसेंबर २०१६ चा आदेश, राष्ट्रीय आणि राज्य महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारू विकायची नाही. १ एप्रिल २०१७ ला तो लागू झाला आणि एका रात्रीत आमच्या जिल्ह्याचा नकाशा बदलला. सोलापूर म्हणजे रस्त्यांचा गुंता: पुणे-हैदराबाद, विजापूर, धुळ्याकडं जाणारा. कित्येक बार त्या एप्रिलमध्ये बंद झाले. काहींनी फाटक मागच्या गल्लीत काढलं आणि पायवाटेनं अंतर मोजून दाखवू लागले. आम्ही टेप घेऊन मोजतोय, मालक छत्री धरून उभा. मग जुलैत कोर्टानं शहराच्या हद्दीतल्या रस्त्यांबद्दल खुलासा केला आणि बरेच परत उघडले. पण जे सोडून गेले ते गल्लीतच राहिले. वस्तीत दारू शिरली ती अशी.

अलीकडचं म्हणजे २०२५ च्या जूनमध्ये कडक दारूवरचा कर वाढला, बिअर-वाइनला हात लावला नाही. पण बारवरचा व्हॅट, नूतनीकरणाची फी सगळं वाढलेलं, म्हणून १४ जुलैला राज्यभर बारवाल्यांनी बंद पाळला. तुमच्या हिशेबात आषाढी, कार्तिकी, निवडणुकीचे दिवस आधीच वजा करा. आपल्या जिल्ह्यात पंढरपूर आहे.

राहणार_जुळे_सोलापूर

इथं सगळे पुरुष बोलताहेत असं दिसतंय, म्हणून लिहिते.

निरीक्षक काकांनी जे सांगितलं, "वस्तीत शिरली ती अशी", त्या वस्तीत मी राहते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक दुकान आलं होतं. संध्याकाळी सातनंतर मुलीला क्लासहून आणायला मी स्वतः जायचे, कारण दुकानासमोर गाड्यांची रांग आणि गाडीवर बसलेले. आमच्याकडं कामाला येणाऱ्या मावशी विडी वळतात, हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीतले पैसे नवऱ्यानं त्या दुकानात घालवलेले मी बघितलेत. आम्ही बायकांनी सह्या गोळा केल्या. २००८ चा नियम आहे, वॉर्डातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान होतं, पुरेशी मतं आडव्या बाटलीला पडली की दुकान बंद. मतदानापर्यंत गेलंच नाही, मालकानं आधीच दुकान हलवलं. कुठं हलवलं? दोन गल्ल्या सोडून. तिथल्या बायकांना आमचा राग आहे.

दादा, तुमची बिअर साडेतीनशेची आहे म्हणून तिथं मावशींचा नवरा येणार नाही, हे मला कळतं. पण मला एवढंच कळत नाही की महाग दारूला "कल्चर" म्हणतात आणि स्वस्त दारूला "व्यसन". दोन्ही बाहेर लावलेल्या गाड्या सारख्याच वेड्यावाकड्या असतात.

शेंगाचटणी

ताई +१. होटगी रोडच्या एका हॉटेलाबाहेर माझीच गाडी तशी लावलेली असते. आजपासून नीट लावतो.

जुनी_मिल

थोडा इतिहास, मला राहवत नाही.

सोलापूरच्या मार्शल लॉची सुरुवात कशावरून झाली? शिंदीच्या झाडांवरून. ८ मे १९३० ला दारूबंदीच्या सत्याग्रहात लोक रूपाभवानीकडं शिंदीची झाडं तोडायला गेले. तिथं गोळीबार झाला, शंकर शिवदारे गेला. मग शहर पेटलं, काही दिवस इंग्रजांचं राज्यच इथं नव्हतं. आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन फासावर गेले. धागाकर्त्यानं ज्या गाडीचं नाव घेतलंय ती या चौघांच्या नावाची गाडी आहे. गाडीत बसून बिअरचा विचार करू नये असं माझं म्हणणं नाही. माहीत असावं, एवढंच.

दुसरं. होटगी रोड कशाला, एखाद्या बंद गिरणीची जुनी इमारत बघा ना. १८७७ ची जुनी मिल, नंतर लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी. भोंग्यावर शहराचं घड्याळ चालायचं. मुंबईत लोअर परळच्या गिरण्यांत हेच झालं की, पब आले, ब्रुअऱ्या आल्या.

पूर्वभाग

जुनी_मिल, मुंबईच्या गिरण्यांत जे झालं त्यात २०१७ च्या डिसेंबरात कमला मिलच्या आवारात आग लागून चौदा माणसं गेली, हेही लिहा. आणि लोअर परळला गिरणीत काम केलेला माणूस त्या पबमध्ये गिऱ्हाईक म्हणून दिसला का कधी? माझ्या वडिलांना तिथं नेलं तर दारावरचा पोऱ्या चपला बघूनच अडवेल.

मिलवॉकीचा_सोलापूरकर

अमेरिकेतल्या मिलवॉकीतून लिहितोय. हे शहर म्हणजे बिअरचं सोलापूर. सोलापूरला चादर तशी मिलवॉकीला बिअर: श्लिट्झ, पॅब्स्ट, मिलर. पॅब्स्टचा जुना कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. बरीच वर्षं आवार ओस. मग त्याच इमारतींत हॉटेल झालं, घरं झाली, ऑफिसं झाली. २०१७ मध्ये पॅब्स्टनं त्याच आवारातल्या जुन्या चर्चमध्ये छोटी ब्रुअरी उघडली, मोठा गाजावाजा झाला. २०२० संपता संपता तीही बंद. आठवणींवर बिअर दोन वेळा विकली जाते, तिसऱ्यांदा लोक चव बघतात.

इथल्या मोहल्ल्यांतल्या छोट्या ब्रुअऱ्यांचं सांगतो. वीस वर्षं नुसत्या उघडतच होत्या. २०२४ मध्ये पहिल्यांदा बंद पडणाऱ्यांची संख्या देशभरात उघडणाऱ्यांपेक्षा जास्त झाली. सॅन फ्रान्सिस्कोची अँकर, १८९६ ची, २०२३ मध्ये बंद झाली, नंतर एका दहीवाल्यानं विकत घेतली (खरंच, दह्याच्या कंपनीचा मालक). माझ्या घराजवळची मात्र टिकून आहे. तिची बिअर बेतास बात. पण दुपारी तिथं म्हातारे पत्ते खेळतात, मुलांना लिंबाचं सरबत मिळतं, रात्री नऊला बंद. शेजाऱ्यांनी कधी तक्रार केली नाही, कारण अर्धे शेजारी आतच बसलेले असतात.

नळाचं_पाणी

रात्री नऊला बंद हे ताईंना पटेल असं वाटतं.

राहणार_जुळे_सोलापूर

नऊला बंद, गाड्या आत, आणि गल्लीत नको. एवढं असेल तर मी सह्या गोळा करणार नाही. येणारही नाही. (नवरा येईल.)

तांड्यावरची_शाळा

शिक्षक आहे, मुळेगाव तांड्याच्या बाजूला काही वर्षं नोकरी केली. सोलापुरात "घरगुती पद्धतीची, छोट्या भट्टीतली" दारू म्हटली की पुण्यातल्या माणसाला क्राफ्ट आठवेल, आम्हाला हातभट्टी आठवते. गूळ, नवसागर, सडका माल, ओढ्याकाठी बॅरल. पोलिसांनी बॅरल फोडायचे, आठवड्यात नवे. २०२१ मध्ये ग्रामीण पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी "ऑपरेशन परिवर्तन" सुरू केलं. नुसत्या धाडी घालून थांबल्या नाहीत, एकेका तांड्याची जबाबदारी एकेका अधिकाऱ्याला दिली. बायकांना शिलाई मशिनी, मुलांना दुसरी कामं. माझ्या वर्गातल्या दोन पोरांचे बाप त्यात भट्टी सोडून बाहेर पडले. एक परत गेला, दुसरा अजून रिक्षा चालवतो.

सांगायचं कारण असं की या माणसांना आंबवण्याचं ज्ञान कुणाहूनही कमी नव्हतं. नाकानं सांगायचे, माल तयार झाला की नाही. हुतात्मा, उद्या तुमची ब्रुअरी झालीच तर पगारावर एखाद्याला घ्याल का? की इंजिनिअरच लागतो?

हुतात्मा_एक्सप्रेस

सर, भांडी धुण्यापासून मीही सुरुवात केली. घेईन. नाकवाला माणूस मिळणं अवघड असतं, यंत्र वाचणारे पुष्कळ मिळतात.

शेंगाचटणी

एक विसरलात सगळे. आपल्या जिल्ह्यात वाइनचा मोठा कारखाना आधीच हाय. अकलूजकडं मोटेवाडीला फ्रटेली. इटलीचे भाऊ, दिल्लीचे भाऊ आणि अकलूजचे मोहिते-पाटील. माळशिरसच्या माळावरची द्राक्षं मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलात जातात, सोलापुरात किती जणांनी चाखली? माल हितं, पिणारा तिथं. तुझ्या ज्वारीच्या बिअरचं पण हेच होणार बघ. आणि ज्याला खरंच ढगाळ बिअर प्यायची हाय त्याला २०२५ पासून होटगी रोडवरूनच गोव्याचं विमान हाय. त्या विमानासाठी साखर कारखान्याची चिमणी पाडली, तेवढा तरी उपयोग होऊ दे.

नळाचं_पाणी

चिमणीचा विषय काढू नका, धागा भरकटेल. दोनशे प्रतिसाद होतील.

हुतात्मा_एक्सप्रेस

पाच महिन्यांनी परत आलोय. काहींनी व्यनि (खासगी निरोप) करून विचारलं, म्हणून इथंच लिहितो.

होटगी रोडची जागा गेली. बोअरचं पाणी तपासून आणलं होतं, जड निघालं, काळ्या बिअरला चालण्यासारखं. टँकरवाल्याशी बोललो, गाड्या आत लावायचा नकाशा काढला, नऊला बंद हेही लिहून ठेवलं. मित्राची आई सगळं शांतपणे ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "सातबाऱ्यावर अजून ह्यांचं नाव आहे रे. पाटीवर पण लावणार का?" मित्र माझ्याकडं बघेना. तिथंच संपलं. मला त्यांचा राग आला नाही, परतीच्या गाडीत थोडा आला.

आता अक्कलकोट रोडला औद्योगिक वसाहतीच्या बाजूला बघतोय. वस्ती लांब, टँकर आत वळतो, पण संध्याकाळी तिथं कोण येणार हा प्रश्न आहे. पूर्वभाग अण्णा, तुम्हाला जवळ आहे, एकदा सोबत येऊन बघाल का? चपला कुठल्याही चालतील.

दुसरी बातमी चांगली. काळी_रान काकांनी मालदांडीची दोन पोती पाठवली होती. मालकांच्या परवानगीनं पुण्यातच एक घाणा लावला, तीस टक्के ज्वारी. पहिल्यांदा ज्वारी तळाला लागली. शिजवताना हलवायला मी एकटा होतो, नि फोन आला. तो घाणा ओतून दिला. दुसरा जमला. फेस लवकर बसतो, अंगानं पातळ आहे, दोष सांगायचेच तर बरेच सांगता येतील. पण घोट गेल्यावर मागून वास येतो तो तव्यावरून काढून निखाऱ्यावर टाकलेल्या भाकरीचा. एक सोलापूरचाच पोरगा ग्लास नाकाशी धरून बराच वेळ बसला होता, प्यायलाच नाही. नवव्या दिवशी टाकी संपली.

पूर्वभाग

येतो. रविवारी नको, रविवारी बाजार असतो. आणि मला टाकीचं झाकण उघडून दाखवायचं.

शेंगाचटणी

मी पण येतो. भजी आणतो.

काळी_रान

रामकृष्णहरी. ज्वारीचे पैसे पोचले, बाजारापेक्षा जास्त आहेत, एवढे नको होते. वाया गेलेल्या घाण्याचं वाईट वाटलं, शिजतं अन्न सोडून फोन घेऊ नये.

चोथ्याचं काय केलंत ते लिहिलं नाही. पुण्यातल्या कुठल्या गोठ्याला दिला असेल तर ते बरं नाही केलं. आमच्या रानातली ज्वारी, आमच्या म्हशींनी खायला पाहिजे. पुढच्या खेपेला वाळवून पोत्यात भरा आणि हुतात्म्यात टाका, सोलापूर स्टेशनवर येऊन उतरवून घेतो.